काचेपलीकडचं बोट

नलूताई, मंगळवारी तुमच्या जागी काय लावायचं ते आज सकाळपर्यंत ठरलेलं नव्हतं. म्हणजे साहेबांनी ठरवलं होतं, मी ठरवलेलं नव्हतं. मी रेडिओ केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये माझ्या खुर्चीवर बसलो आहे. समोर काच, काचेपलीकडे तुमचं टेबल, तुमचा माइक आणि माइकच्या दांडीला तुम्ही बांधलेला तो हिरवा रुमाल. झाडायला येणाऱ्या बाईंनी विचारलं, काढू का. मी म्हटलं, राहू द्या. का म्हटलं, ते मलाही सांगता येणार नाही, कारण त्या रुमालाकडे बघून मला काही होत नाही.

तुम्ही गेल्यापासून मला कशानेच काही होत नाही. तुमच्या यजमानांचा, विनायकरावांचा फोन आला तेव्हा मी शेतीच्या कार्यक्रमाचा आवाज तपासत होतो. "नलू गेली, वानखडे," ते म्हणाले. मी "बरं" म्हणालो. माणूस मेल्याची बातमी कळल्यावर कोणी बरं म्हणतं का? मी म्हणालो. फोन ठेवला, राहिलेला आवाज तपासून संपवला, डबा खाल्ला, भाजीत मीठ जास्त आहे हेही माझ्या लक्षात आलं. संध्याकाळी घरी गेलो तर बायकोला आधीच कळलेलं. तिने चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "तुमी रडून घ्या एकदा. नाई तं बीपी वाढते तुमचा." मी चहा पिऊन टीव्ही लावला.

तेरवीला अमरावतीला आलो होतो. जेवणं चालू असताना विनायकरावांनी आचाऱ्याच्या वरणात बोट बुडवून चाखलं आणि "जिरं जळलं थोडं" असं म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच काही तरी वाटलं आणि ते आत निघून गेले. तुमच्या भाचीने मला विचारलं, "काका, तुम्ही आणि मावशी काचेतून हातवारे करून काय बोलायचे हो? मावशी घरी आली की नकला करायची तुमच्या." तुम्ही माझ्या नकला करायच्या हे मला तेरवीच्या पंगतीत कळलं, ताई.

मी तिला सांगितलं ते असं. लाल दिवा लागला की स्टुडिओतल्या माणसाशी बोलता येत नाही, म्हणून खुणा. अंगठा वर केला की आवाज ठीक आहे. तळहात दाखवला की थांबा. दोन्ही हात एकमेकांपासून लांब ओढले की ताणा, अजून वेळ आहे. आणि हवेत बोट गोल गोल फिरवलं की गुंडाळा, वेळ संपला. भाची म्हणाली, बस, एवढंच? मी म्हटलं, एवढंच. वीसेक वर्षं आम्ही एवढ्याच चार शब्दांत भांडलो.

आणि भांडण एकच. मी बोट फिरवायचो आणि तुम्ही मान खाली घालून समोरच्या कागदाकडे बघायला लागायच्या. कागद बहुतेक वेळा कोरा असायचा. मला तो काचेतून कोरा दिसायचा, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही त्याच्याकडे असं बघायच्या जणू त्यावर सरकारी आदेश लिहिलाय. तुम्ही बघितलंच नाही म्हटल्यावर माझ्या खुणेला अर्थ राहायचा नाही. पाहुणा बोलत राहायचा, घड्याळ पुढे सरकायचं, दिल्लीच्या बातम्यांची वेळ व्हायची. दिल्लीच्या बातम्या अमरावतीच्या नलूताईंसाठी थांबत नाहीत. त्या लागायच्या, आणि पाहुणा अर्ध्या वाक्यात तुटायचा. मग बाहेर येऊन तुम्ही माझ्यावरच डाफरायच्या.

"तुमी घड्याळाले पाहून राहिले, भाऊ. मी माणसाले पाहून राहिली."

"माणसाला घड्याळात बसवणं हेच तर आपलं काम आहे," मी म्हणायचो.

"तुमचं असन. मले नाई जमत."

आणि तुम्ही पर्स उचलून घरी अमरावतीला जायला बडनेऱ्याच्या गाडीला पळायच्या. गाडी मात्र तुम्ही कधी चुकवली नाही, हेही इथे सांगून ठेवतो. माणसाला बघायचं, पण गाडीचं घड्याळ पाळायचं.

मग पॉडकास्ट आले. वरून पत्र आलं की केंद्राने आता लोकांच्या फोनवरही जायचं. साहेबांनी आम्हाला बसवून तासभर समजावलं. सगळे माना डोलावत होते. तुम्ही शेवटी विचारलं, "म्हणजे साहेब, हा रेडिओच ना? फक्त घड्याळ काढून घेतलेला?" साहेब म्हणाले, तसं म्हणता येईल. तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी पहिल्यांदा बघत होतो. लग्नघरात आधी कोणी न विचारलेल्या पोराला कोणी तरी जिलबीचं पातेलंच दिलं, तसं. मी मनात म्हटलं, आता संपलो.

काय काय केलं आपण त्या दोन-तीन वर्षांत. शेतीचा 'धुऱ्यावरून', म्हणजे बांधावरून. अमरावतीत खोली घेऊन परीक्षा देणाऱ्या पोरांचा. जुन्या फितींमधून काढलेल्या भुलाबाईच्या गाण्यांचा, त्यातल्या अर्ध्या गाण्यांत गाणाऱ्यांपेक्षा मागचे कोंबडेच जास्त. बाळापूरच्या शायरांचा उर्दू. डॉक्टरांचा, ज्यात दातदुखीचा भाग सगळ्यांत जास्त ऐकला गेला आणि तुम्हाला तो स्वतःचा अपमान वाटला. "लोकायले दुःख सांगितलं तं ऐकत नाई, दाढ सांगितली तं ऐकते," असं तुम्ही महिनाभर म्हणत होता. आणि तो स्वयंपाकाचा, 'आज काय शिजलं'. तुम्हाला साधा गोळाभात जमत नव्हता, आणि तुम्ही जिल्ह्याला स्वयंपाक शिकवत होता. विनायकराव सकाळी डब्याबरोबर कृती सांगायचे, तुम्ही ती गाडीत पाठ करायच्या. रोडग्यांच्या वेळी तुम्ही कणकेत तेलाचं मोहन घालायचं सांगायला विसरलात. दर्यापूरच्या एका बाईचा निरोप आला, ताई, रोडगे मारले तर माणूस मरेल. पुढच्या भागात तुम्ही सरळ सांगून टाकलं, "चूक माझी, रोडगे माझ्या नवऱ्याचे." तो भाग दाढेच्या जवळपास गेला होता.

पण तुमचा जीव होता 'शेजारची सीट'मध्ये. रोजच्या प्रवासात शेजारी जो बसेल त्याला बोलतं करायचं आणि जमलं तर केंद्रावर घेऊन यायचं. कल्पना चांगली होती, मी तेव्हाही म्हटलं होतं. माझं म्हणणं फक्त एवढंच की वीस मिनिटांत बसवा. वीस मिनिटांपुढे कोणी ऐकत नाही. तुमचं म्हणणं, माणूस वीस मिनिटांनंतरच बोलायला लागतो.

"पहिले वीस मिनिट तो आपल्याले जे पाह्यजे ते सांगते, भाऊ. मंग थकते. मंग खरं बोलते."

"तोवर ऐकणारा झोपतो."

"झोपू द्या. जागा होईन तवा खरं सुरू झालं असन."

तुम्ही लांबच लांब ध्वनिमुद्रण करायच्या आणि मी नंतर कापून वीस मिनिटांत बसवायचो. मंगळवारी भाग लागायचा, बुधवारी तुम्ही ऐकून यायच्या आणि दारातूनच विचारायच्या, "त्या बाईचं सासूचं काहून कापलं?" दर बुधवारी. बुधवारी मी मुद्दाम चहाला बाहेर जायला लागलो होतो. काल बुधवार होता. मी सवयीने टपरीवर जाऊन उभा राहिलो. टपरीवाल्याने न विचारता दोन चहा केले, मग एक परत किटलीत ओतला. मला तेव्हाही काही झालं नाही.

तुमचं शेवटचं ध्वनिमुद्रण जैबुनआपांचं. बाळापूरच्या सतरंज्या विणणाऱ्या. गाडीत तुमच्या शेजारी बसल्या, तुम्हाला भाकरी दिली, आणि तुम्ही त्यांना पुढच्या आठवड्यात केंद्रावर हजर केलं. तुमचा खोकला तेव्हाच वाढलेला होता. मी म्हटलं, पुढे ढकलू. तुम्ही म्हणालात, "आपा आल्यायत ना. आता काय त्यायले वापस पाठवू?" खोकला आला की माइकपासून तोंड वळवायच्या आणि हिरवा रुमाल तोंडावर धरायच्या. त्याच दिवशी तो तिथे बांधून ठेवलात. उद्या लागेलच, म्हणालात.

आपा गुडघ्यांबद्दल बोलल्या. सुताच्या भावाबद्दल बोलल्या. सुनेच्या चहाबद्दल बोलल्या, त्यात साखर कमी असते याबद्दल फार वेळ बोलल्या. वीस मिनिटं होऊन गेली आणि मी बोट फिरवलं. तुम्ही कोऱ्या कागदाकडे बघितलं. मी परत फिरवलं. तुम्ही कागदाचं पान उलटलं. पलीकडची बाजूही कोरी होती. मी हात टेकले आणि साहेबांचं बोलावणं आलं म्हणून यंत्र चालू ठेवून निघून गेलो. परत आलो तेव्हा आपा गेल्या होत्या आणि तुम्ही गाडीला. फाइल जपून ठेवली. पुढच्या आठवड्यात कापू म्हटलं.

पुढच्या आठवड्यात तुम्ही दवाखान्यात होता.

अमरावतीला भेटायला आलो, त्या दिवसाबद्दल मी कोणाशी बोललेलो नाही. विनायकरावांशी नाही, घरी नाही. आयसीयूत एका वेळी एकच माणूस, आणि तुमच्या बहिणी आधीच रांगेत होत्या. मी दाराच्या काचेशी उभा राहिलो. हातात संत्र्यांची थैली. आत तुम्ही, तोंडावर मास्क, हाताला नळ्या. मला वाटलं झोपल्या आहेत. तेवढ्यात तुम्ही डोळे उघडले आणि सरळ काचेकडे बघितलं. वर्षानुवर्षांची सवय, काच दिसली की पलीकडे वानखडे असणारच. तुम्ही हात थोडा उचलला. आणि बोट फिरवलं. हळू, पण नीट, गोल. गुंडाळा.

मला आधी ती थट्टा वाटली. मी हसलोसुद्धा. मग हसू थांबलं, कारण तुम्ही हसत नव्हता. मी थैली मनगटात अडकवली आणि दोन्ही हात लांब ओढले. ताणा, ताई. अजून वेळ आहे. थैली लोंबकळत होती, एक संत्रं खाली पडून बाकाखाली गेलं, लोक बघत होते. मी परत हात ओढले. तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि मग मान खाली घातली. पांघरुणाकडे बघायला लागलात, तो कोरा कागद असल्यासारखं. मी हात ओढत राहिलो आणि तुम्ही बघितलंच नाही. नर्सने पडदा सरकवला. आपलं बोलणं तिथे संपलं.

मी तुमच्यावर रागावलो आहे. हे सांगायला मला इतका वेळ लागला. बाकी काही होत नसलं तरी तेवढं होतं, आणि ते बारीक बारीक आत चालू असतं, फितीच्या मागच्या खरखरीसारखं. आयुष्यभर तुम्ही माझी ती खूण मानली नाही. दिल्लीला मानलं नाही, साहेबांना मानलं नाही. सुनेच्या चहातल्या साखरेसाठी मला ताटकळत ठेवलंत. आणि स्वतःच्या वेळी मात्र पहिल्यांदा बोट तुम्ही फिरवलंत. एवढी कसली घाई झाली होती? विनायकराव बाहेर बाकावर भाताचा डबा घेऊन बसले होते, ताई. तुम्ही जेवाल या आशेवर.

आता साहेबांचं सांगतो. साहेब माणूस भला आहे. ते म्हणाले, मंगळवारी 'शेजारची सीट'च्या जागी नलूताईंवर विशेष भाग करू. तुमचे जुने तुकडे, मागे बासरी, दोन मान्यवर, वीस मिनिटं. "तुम्हीच करा, वानखडे. तुमच्याइतकं कोण ओळखतं त्यांना." मी बरं म्हणालो. हल्ली मी सगळ्यालाच बरं म्हणतो. दोन दिवस बासरी निवडली. एक बासरी फार रडकी होती, दुसरी योगासनांची वाटत होती. तुकडे काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं की माझ्याकडे तुमचे तुकडेच नाहीत. सगळीकडे तुम्ही "हं", "मंग?", "बोला ना" एवढंच बोलता. बाकी समोरचा माणूस. तुमच्यावर भाग करायचा तर तुम्हीच सापडेनात.

म्हणून आज दुपारी जैबुनआपांची फाइल लावली. कापण्यासाठी नाही, नुसती. माझं बोट फिरतं तिथे आवाजात काहीच कळत नाही, फक्त तुमच्या कागदाचं पान उलटल्याचा आवाज येतो. तो मला ओळखू आला. त्यानंतरही आपा बराच वेळ चहावरच होत्या. मग दमल्या. तुमचा खोकला आला आणि गेला. मग आपा आपणहून सांगायला लागल्या. मोठी सतरंजी एकट्याने विणता येत नाही, एका मागावर दोघांना बसावं लागतं. त्या आणि त्यांचे मियाँ शेजारी शेजारी बसायचे. सूत घट्ट बसवायला ते लोखंडी पंजा ठोकायचे, मग त्या ठोकायच्या. बोलायची गरज नसायची. मियाँ गेले तेव्हा मागावर सतरंजी अर्धी होती.

"मंग काय केलं, आपा?" तुम्ही विचारता.

"क्या करती. चार दिन देखती रही उसको. लोग बोले, दूसरा आदमी बिठाओ, पूरी करो. मैं बोली नई. जितनी हुई उतनीच उतार ली."

"अर्धीच?"

"आधी कायकी? किनार बांध दी तो आधी नई रहती. किनार नई बांधी तो उधड़ जाती. आज बी उसपेच सोती मैं."

मग आपा म्हणाल्या, बस, और क्या बोलूं. तुम्ही त्यांचे आभार मानलेत, बाहेरपर्यंत सोडायला गेलात, खुर्ची सरकल्याचा आवाज, दाराचा आवाज. फाइल चालूच होती. मी बंद करणार होतो, तेवढ्यात तुमची पावलं परत आली. तुम्ही खुर्चीत बसलात. श्वास घेतलात. आणि माइकवर, रिकाम्या काचेकडे बघून, मी तिथे असल्यासारखं म्हणालात,

"झालं, भाऊ. गुंडाळा आता."

मी फाइल थांबवली. मग मागच्या फाइली काढल्या, मूळच्या, न कापलेल्या. दर्यापूरचे ड्रॉइंगचे मास्तर. अचलपूरची ती कोर्टात टाइप करणारी मुलगी. सगळ्यांची शेपटं, म्हणजे अगदी शेवटचे तुकडे, लावून बघितली. प्रत्येकाच्या शेवटी तुम्ही आहात. कुठे हसत, कुठे पाणी पीत, कुठे गाडी गाठायच्या घाईत. "झालं बरं, गुंडाळा." "झालं, भाऊ, गुंडाळा, आता खुश?" आणि हे म्हणताना तुम्ही काचेपलीकडून बोट फिरवायच्या. मला आठवलं. दर वेळी फिरवायच्या. मी ते शेपूट इतक्या वेळा कापून फेकलं होतं की मला ते ऐकू येणं आणि दिसणंही बंद झालं होतं. ती खूण तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा दवाखान्यात केली नव्हती. फक्त मधेच कधी केली नव्हती. माणसाचं बोलून व्हायचं, तो उठून जायचा, मगच करायच्या.

साहेबांकडे गेलो. म्हटलं, बासरी नको. मंगळवारी जैबुनआपा लावतो, पूर्ण.

"किती आहे?"

"तासाच्या वर."

"वानखडे, एवढं कोण ऐकणार?" साहेब म्हणाले. हा प्रश्न माझा होता. दुसऱ्याच्या तोंडून तो फार शहाणपणाचा वाटला.

"पहिली वीस मिनिटं नाही ऐकणार कोणी," मी म्हटलं. साहेबांनी माझ्याकडे जरा काळजीने बघितलं आणि म्हणाले, बघा तुम्ही.

आता फाइल समोर आहे. गुडघे आहेत, सूत आहे, सुनेचा चहा सगळाच्या सगळा आहे. तुमचा खोकलाही ठेवला आहे, त्याबद्दल बुधवारी बोलू नका. शेवटाशी आलो तेव्हा हात सवयीने शेपूट कापायला गेला. कापलं नाही. लोकांना कळणार नाही हा भाऊ कोण आणि काय गुंडाळायचं. न कळू द्या.

मग मी काचेकडे बघितलं. टेबल, माइक, रुमाल. उजवा हात वर केला आणि बोट फिरवलं, हळू, नीट, गोल. काच हलल्यासारखी दिसायला लागली तेव्हा कळलं की माझ्याच डोळ्यांत पाणी आलंय.

बरं, ताई. गुंडाळतो.